विपश्यना शिबिर

विपश्यना शिबिर म्हणजे दहा दिवस मोबाइल, घर, ऑफिस, बोलणं असं सगळं बंद ठेवून एका केंद्रात राहायचं आणि रोज साधारण दहा तास ध्यानाला बसायचं. आपल्याकडे विषय निघाला की पहिलं नाव येतं इगतपुरीचं, कारण तिथलं धम्मगिरी हे विपश्यनेचे आचार्य सत्यनारायण गोएंका यांच्या परंपरेतलं मुख्य केंद्र. न गेलेल्या माणसाच्या डोक्यात बहुतेक वेळा दोनपैकी एक कल्पना असते, एक तर हा निव्वळ छळ आहे, पहाटे उठवतात, रात्री जेवायला देत नाहीत, तोंड उघडायची सोय नाही, किंवा मग डोंगरातली शांत सुट्टी आहे, मस्त रिलॅक्स होऊन येऊ. दोन्ही चुकीचं. शिबिराची आखणी नीट बघितली तर कळतं की इथे त्रास मोजून दिलेला आहे आणि आरामही मोजूनच दिलेला आहे, आणि कुठला कधी किती हे ठरवण्यातच सगळी हुशारी आहे.

याचं मूळ अर्थातच बुद्धाकडे जातं. राजवाड्यातलं सुख बघून झालं, नंतर उपास करून हाडांचा सापळा होईपर्यंत तपश्चर्या करून झाली, दोन्हींतून काही हाती लागलं नाही, आणि मग सारनाथच्या पहिल्या उपदेशात त्यांनी ही दोन्ही टोकं सोडा असं सांगितलं. सोण नावाच्या भिक्खूची गोष्ट तर अजून थेट आहे, घरचा श्रीमंत, लाडात वाढलेला, आणि भिक्खू झाल्यावर ध्यान करत इतका चालला की पायांतून रक्त आलं आणि आता घरी परत जावं असं मनात यायला लागलं. तो आधी वीणा वाजवायचा म्हणून बुद्धाने त्याला तारांबद्दल विचारलं, फार ताणल्या तर सूर लागतो का, सैल सोडल्या तर लागतो का. संयुत्त निकाय या बुद्धाच्या उपदेशांच्या पाली संग्रहात दोन बाणांचंही एक सुत्त, म्हणजे उपदेश, आहे, पहिला बाण शरीराच्या दुखण्याचा, तो सगळ्यांनाच लागतो, आणि दुसरा मनाच्या आरडाओरड्याचा, जो आपणच आपल्याला मारून घेतो. शिबिरात जे काही चालतं ते या दुसऱ्या बाणावरचं काम आहे.

आजच्या शिबिराचा साचा आला ब्रह्मदेशातून. गोएंकांचा जन्म 1924 चा, मंडालेचा, मारवाडी व्यापारी कुटुंब. त्यांना भयंकर मायग्रेन होतं, मॉर्फिनची इंजेक्शनं घ्यावी लागायची, परदेशातले डॉक्टर करून झाले. शेवटी ते सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले, हे गृहस्थ सरकारी नोकरीत, देशाचे अकाउंटंट जनरल, आणि ध्यानाचे आचार्य. त्यांनी आधी चक्क नाही म्हटलं, नुसती डोकेदुखी घालवायला येणार असाल तर येऊ नका म्हणाले. म्हणजे आराम पाहिजे म्हणून आलेल्या माणसाला दारातच अडवलं. 1955 मध्ये गोएंकांनी पहिलं शिबिर केलं आणि 1969 मध्ये ते भारतात येऊन शिकवायला लागले, पहिलं शिबिर मुंबईत झालं. इगतपुरीचं केंद्र त्यानंतर सत्तरच्या दशकातलं. 29 सप्टेंबर 2013 ला ते गेले, पण आजही शिबिरात सूचना आणि प्रवचनं त्यांच्याच रेकॉर्ड केलेल्या आवाजात असतात, समोर बसलेले सहायक आचार्य शंका सोडवायला असतात.

दिवस सुरू होतो पहाटे चारच्या घंटेने. साडेचार ते साडेसहा ध्यान, मग नाश्ता, आठ ते नऊ सगळ्यांची एकत्र बैठक, परत ध्यान, अकराला जेवण, एक वाजेपर्यंत सुट्टी. दुपारी एक ते पाच ध्यान, पाचला चहा, सहा ते सात बैठक, सात वाजता प्रवचन, साडेनऊला दिवे बंद. वाचून पोटात गोळा येतो, पण यात मोकळा वेळ किती पेरलेला आहे बघा, जेवणानंतर आडवं व्हायला मिळतं, चालायला जागा असते. जेवण साधं शाकाहारी पण पोटभर. रात्रीचं जेवण नाही, नव्या लोकांना पाचला चहा-दूध, फळ, मुरमुरे असं काहीतरी मिळतं, जुन्या साधकांना नुसतं लिंबूपाणी. म्हणजे पहिल्यांदा आलेल्याला सूट जास्त, रुळलेल्याला कमी. प्रवचन तर मुद्दाम थकल्यावर ठेवलंय असं वाटतं, गोएंका गोष्टी सांगतात, हसवतात, आणि दिवसभर जे भोगलं ते सगळ्यांचंच असतं हे ऐकून जीव भांड्यात पडतो. फी नाही, ज्याने एक शिबिर पूर्ण केलंय त्याच्याकडूनच दान घेतात.

पहिले साडेतीन दिवस फक्त श्वास बघायचा, त्याला आनापान म्हणतात. चौथ्या दिवशी दुपारी विपश्यना शिकवतात, डोक्यापासून पायापर्यंत शरीरावर काय जाणवतंय ते बघायचं, खाज असो, मुंग्या असोत, कळ असो, आवडलं म्हणून धरायचं नाही आणि नको वाटलं म्हणून झटकायचं नाही. तिथून पुढे रोजच्या तीन एकत्र बैठकांना अधिष्ठान लागू होतं, म्हणजे एक तास हात-पाय मोकळे करायचे नाहीत, डोळे उघडायचे नाहीत.

खरी गंमत इथे आहे. पहिली वीस मिनिटं बरी जातात, मग गुडघा बोलायला लागतो, मग पाठ, मग असं वाटतं की पाय आता कायमचा गेला आणि घंटा वाजवणारा बहुतेक झोपलाय. पाय हलवला तर कोणी शिक्षा करत नाही, हे महत्त्वाचं, नियम स्वतःशी केलेला आहे. आणि एखाद्या बैठकीत असं होतं की दुखणं तिथेच आहे पण त्याच्याशी चाललेलं भांडण थांबलंय, कळ पसरते, बारीक होते, जागा बदलते, आणि लक्षात येतं की अर्धा त्रास 'कधी संपणार' या विचाराचाच होता. तास संपला की पाय पसरायचे, आणि पसरल्यावर दोन मिनिटांत सगळं ठीक. हॉलमध्ये उशांची एक वेगळीच कथा चालू असते, चौथ्या-पाचव्या दिवशी लोक ढुंगणाखाली दोन, प्रत्येक गुडघ्याखाली एक अशी तटबंदी उभी करतात, आणि बऱ्याच जणांच्या उशा आठव्या-नवव्या दिवसापर्यंत आपोआप कमी होतात. ज्यांची पाठ किंवा गुडघे खरंच कामातून गेलेत त्यांना खुर्ची मिळते. मांडी घालून मरा असा आग्रह कोणाचाच नसतो.

उलट फसगत सुखाचीही होते. कोणाला सहाव्या-सातव्या दिवशी अंगभर बारीक, गोड लहरी जाणवतात, मग पुढच्या बैठकीला तो त्या शोधत बसतो, त्या येत नाहीत आणि चिडचिड सुरू. माझ्या मते दुखण्यापेक्षा हा सापळा मोठा आहे, कारण दुखणं निदान दुखणं म्हणून ओळखू तरी येतं.

सगळ्यांसाठी हे नाही. गंभीर मानसिक आजार असेल तर केंद्रवाले स्वतःच नको म्हणतात, अर्जात तब्येतीची माहिती विचारतात ती खरी भरावी. इतक्या मौनात आणि एकांतात काही लोकांचा त्रास खरोखर वाढतो, आणि 'सहन करा, जाईल' हे उत्तर तिथे चालत नाही, आचार्यांशी बोलायला मुभा असते ती वापरावी.

महाराष्ट्रात याला अजून एक बाजू आहे. 1956 च्या धर्मांतरानंतर इथे मोठा बौद्ध समाज आहे, त्यातले बरेच लोक शिबिरांना जातात, पण आंबेडकरी मंडळींमध्ये जुना वादही आहे, की जातीने दिलेलं दुःख डोळे मिटून बघत बसायचं की रस्त्यावर उतरून संपवायचं. आक्षेप हलका नाही, कारण कुठली गैरसोय सोसायची आणि कुठली मोडून काढायची हे हॉलमध्ये बसून ठरत नाही. दुसरीकडे 1994 मध्ये तिहार तुरुंगात किरण बेदींच्या काळात हजाराहून जास्त कैद्यांचं एकच शिबिर झालं, जिथे गैरसोय निवडायचा प्रश्नच नव्हता.

दहाव्या दिवशी सकाळी मौन सुटतं आणि केंद्रात गप्पांचा बाजार भरतो, ही सोयही विचार करून ठेवलेली, नऊ दिवस गप्प राहिलेल्या माणसाला सरळ कसाऱ्याच्या लोकलमध्ये सोडलं तर तो गांगरेल. अकराव्या दिवशी सकाळी घरी. पुढे सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसा असं सांगतात, बहुतेकांचं महिन्याभरात एक तासावर येतं आणि मग दिवाळीत सुटतं. आणि कोणाला अंगात आलं म्हणून लगेच वीस दिवसांचं शिबिर मागायचं म्हटलं तर मिळत नाही, त्याला दहा दिवसांची पाच शिबिरं, एक सतिपट्ठान शिबिर (त्याच नावाच्या सुत्तावरचं), एकदा तरी शिबिरात सेवा, आणि घरी दोन वर्षं नियमित बैठक लागते.