समुद्रतळाचे कोअर, मान्सूनचा इतिहास आणि बंद झालेलं जहाज

२०२४ च्या ऑगस्टमध्ये जॉइडीस रेझोल्युशन हे समुद्रतळाला भोकं पाडून गाळाचे आणि खडकाचे लांब दंडगोल नमुने, म्हणजे कोअर, काढणारं ड्रिलिंग जहाज शेवटची मोहीम आटपून ॲमस्टरडॅमला लागलं आणि 'अमेरिकेने पैसे बंद केले' एवढीच बातमी सगळीकडे फिरली. बातमी खोटी नाही पण अर्धी आहे, मागचं माहीत नसेल तर हे प्रकरण नीट कळतच नाही.

सुरुवातीचं भराभर सांगतो. १९६१ ला मेक्सिकोजवळ खोल समुद्रात जहाज नांगर न टाकता जागेवर धरून तळाला भोक पाडता येतं हे अमेरिकेने दाखवलं. १९६८ पासून ग्लोमार चॅलेंजर हे ड्रिलिंग जहाज जगभर फिरलं, सत्तरच्या दशकाच्या मध्यावर त्या कार्यक्रमात जपान, ब्रिटन, फ्रान्स, पश्चिम जर्मनी आले आणि ऐन शीतयुद्धात चक्क सोव्हिएत रशियासुद्धा. १९८५ पासून जॉइडीस रेझोल्युशन, जे मुळात तेलविहिरी खणायला बांधलेलं.

आपल्यासाठी यातला जिव्हाळ्याचा भाग म्हणजे मान्सून. नैऋत्येचे वारे जोरात सुटले की ओमानच्या किनाऱ्याजवळचं वरचं पाणी बाजूला सरतं, खालचं थंड आणि पोषक पाणी वर येतं, आणि त्यात एका ठराविक जातीचे चुन्याच्या कवचाचे सूक्ष्म जीव भरमसाट वाढतात, मेले की कवचं तळाच्या गाळात जमा होतात. म्हणजे गाळात ती कवचं किती यावरून वारा किती होता ते कळतं. १९८७ ला तिथे काढलेल्या कोअरवरून मान्सूनने साधारण ८० लाख वर्षांपूर्वी जोर धरला असं बरीच वर्षं मानलं गेलं, हिमालय आणि तिबेटच्या उंचीशी त्याची सांगडही घातली गेली. मग २०१५ ला मालदीवजवळ ड्रिलिंग झालं आणि तिथल्या गाळाने हे वारे सुरू झाल्याचा काळ सुमारे १ कोटी २९ लाख वर्षांवर नेला. वाद अजून मिटलेला नाही, पण तो घालता येतो कारण दोन्ही कोअर हातात आहेत.

त्याच वर्षी मार्चअखेर जहाज कोलंबोहून निघून अरबी समुद्रात लक्ष्मी बेसिन या तळाच्या खोलगट भागात गेलं आणि मेअखेर मुंबईला लागलं. आपल्या किनाऱ्यापासून पावणेपाचशे किलोमीटर, साडेतीन किलोमीटरहून जास्त खोल पाणी, आणि त्याखाली अकराशे मीटर भोक. सिंधू नदीने हिमालयातून आणलेला गाळ हवा होता, तो मिळालाच, शिवाय भारताच्या बाजूने समुद्रात घसरलेली एक अवाढव्य दरड सापडली, सुमारे १ कोटी ८ लाख वर्षं जुनी. भारताकडून हे सगळं गोव्यातल्या संस्थेने सांभाळलं.

जहाजावर बारा-बारा तासांच्या पाळ्या, दोन महिने. साडेनऊ मीटरची नळी वर आली की 'कोअर ऑन डेक' असा पुकारा होतो, टेक्निशियन ती उचलून दीड-दीड मीटरचे तुकडे करतात, मग प्रत्येक तुकडा उभा चिरतात, एक अर्धा जपून ठेवायचा आणि दुसऱ्यातून नमुने घ्यायचे. हिंदी महासागराचे कोअर कोचीला जातात, केरळातलं नाही, जपानमधलं. पहिलं वर्ष फक्त मोहिमेतल्या टीमचं, नंतर जगातला कुठलाही संशोधक अर्ज करून नमुना मागू शकतो. माझ्या मते खरं सहकार्य ते हेच, करारावरच्या सह्या नव्हेत.

आता मुख्य मुद्दा. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेच्या निधी देणाऱ्या संस्थेने जाहीर केलं की सप्टेंबर २०२४ नंतर जहाजाचा करार पुढे चालवणार नाही. कारण दिलं ते म्हणजे खर्च वाढत चाललाय आणि भागीदार देशांची वर्गणी त्या मानाने पुरत नाही. जहाज २०२८ पर्यंत चालवता आलं असतं, शास्त्रज्ञांनी ते परोपरीने सांगितलं, उपयोग झाला नाही. पण मला विचाराल तर याची बीजं २०१३ मध्ये आहेत. त्याआधीची दहा वर्षं या आंतरराष्ट्रीय ड्रिलिंग कार्यक्रमाला एक मध्यवर्ती व्यवस्थापन होतं आणि देशांच्या पैशाची काही प्रमाणात एकत्र तिजोरी होती. ती पद्धत महाग आणि किचकट, हे मान्य. २०१३ मध्ये ती मोडली आणि अमेरिका, जपान, युरोप ज्याने त्याने आपापलं जहाज आपापल्या पैशाने चालवायचं, बाकीच्यांनी थेट त्यांना वर्गणी द्यायची असं ठरलं. कागदपत्रं कमी झाली खरी, पण वीसहून जास्त देश ज्यावर अवलंबून होते ते जहाज एका देशाच्या बजेटवर लटकलं. कुठे ड्रिल करायचं यात सगळ्यांचा आवाज होता, जहाज राहणार की जाणार यात नव्हता. वर्गणी भरणाऱ्यांनी, आपणही त्यात आलो, हे तेव्हाच लावून धरायला हवं होतं.

जानेवारी २०२५ पासून जपान आणि युरोपने मिळून नवा कार्यक्रम सुरू केलाय आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये चीनचं स्वतःचं ड्रिलिंग जहाज सेवेत आलं. पण जपानचं जहाज अवाढव्य आणि चालवायला महाग, ते भूकंपाच्या कामात जास्त गुंतलेलं, आणि युरोप मोहिमेपुरती जहाजं भाड्याने घेतो. वर्षाला चार-पाच मोहिमा करत महासागरभर फिरणारं, सगळ्यांना खुलं जहाज आज कुणाकडेच नाही. असं जहाज येईपर्यंत काम चालणार ते जुन्या कोअरवर, आणि त्यातल्या महत्त्वाच्या काळांच्या थरातून एवढे नमुने घेतले गेलेत की काही ठिकाणी देण्यासारखं फारसं उरलेलं नाही.