अनेक ईमेल खात्यांचे एन्क्रिप्शन : कोकण किनाऱ्यावरील वापर

एकाच मेल प्रोग्राममध्ये दोन किंवा अधिक ईमेल पत्ते चालवताना प्रत्येक पत्त्याची किल्ली, प्रमाणपत्र आणि सर्व्हरशी होणारी जोडणी वेगवेगळी ठरवून सांभाळण्याची पद्धत. एन्क्रिप्शन म्हणजे मजकूर इतरांना वाचता येऊ नये असा झाकणे. किल्ल्या जोडीने असतात : सार्वजनिक किल्ली इतरांना द्यायची, तिने झाकलेले पत्र फक्त आपल्याकडची खाजगी किल्ली उघडते. कोकणात तिची गरज घराच्या व्यवहारातूनच येते. मालवण-तारकर्लीकडे निवास-न्याहारी चालवणारे घर एप्रिल-मे महिन्यांत आंब्याच्या पेट्याही पाठवते, घरातले कुणी देवस्थानच्या समितीचा पत्रव्यवहार बघते, आणि मुंबईतल्या चाकरमानी भावाचे सातबाऱ्याचे कागद त्याच संगणकावर येतात. पत्ते चार, थंडरबर्ड हा मेल प्रोग्राम एक. परदेशी पाहुणा उतरला की २४ तासांत त्याची माहिती सरकारला कळवणारा फॉर्म (पूर्वीचा फॉर्म सी) भरावा लागतो. त्यासाठी पासपोर्टची प्रत बहुधा ईमेलनेच मागवली जाते. देवगड-रत्नागिरीच्या बागायतदाराच्या किंवा वेंगुर्ल्याच्या काजू कारखानदाराच्या बिलावर बँकेचा खाते क्रमांक असतो. देवस्थानच्या सभेच्या नोटिशीत यातले काहीच नसते. म्हणून सगळ्या खात्यांना एकच सेटिंग लावणे चुकीचे ठरते.

एन्क्रिप्शनचे दोन थर असतात आणि ते हमखास एकमेकांत मिसळले जातात. पहिला थर आपला प्रोग्राम आणि मेल सर्व्हर यांच्यामधला, टीएलएसचा, म्हणजे वाटेतली जोडणी झाकणाऱ्या पद्धतीचा. येणाऱ्या पत्रांसाठी आयमॅप (पत्रे सर्व्हरवरच ठेवणारी पद्धत) याचे ९९३ किंवा पॉप (पत्रे उतरवून घेणारी पद्धत) याचे ९९५ पोर्ट, म्हणजे जोडणीच्या दाराचा क्रमांक; जाणाऱ्या पत्रांसाठी ४६५ किंवा ५८७. जुन्या खात्यांत १४३ आणि ११० ही पोर्ट राहून गेलेली दिसतात; तिथे स्टार्टटीएलएस, म्हणजे उघडी सुरू झालेली जोडणी नंतर टीएलएसमध्ये नेण्याची सोय, चालू नसेल तर पासवर्डही उघडा जाऊ शकतो. जोडणी पहिल्या क्षणापासून टीएलएसमध्येच असावी अशी शिफारस २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी ८३१४ या इंटरनेटच्या तांत्रिक मानकांच्या दस्तऐवजात आहे. हा थर घट्ट असला तरी सर्व्हरवर पत्र वाचण्याजोगेच राहते. दुसरा थर पाठवणाऱ्यापासून वाचणाऱ्यापर्यंतचा. त्याच्या दोन पद्धती रूढ आहेत : फिल झिमरमन यांनी १९९१ मध्ये आणलेल्या पीजीपी या एन्क्रिप्शन प्रोग्राममधून वाढलेली ओपनपीजीपी आणि प्रमाणपत्रांवर, म्हणजे किल्ली कोणाची आहे याची ग्वाही देणाऱ्या डिजिटल दाखल्यांवर, चालणारी एसमाइम. थंडरबर्डमध्ये ओपनपीजीपीसाठी एनिगमेल हे पूरक जोडावे लागे. २०२० च्या ७८ व्या आवृत्तीपासून ती सोय आतच आली.

काय खात्यापुरते असते आणि काय सर्वांना सामायिक, हे एकदा उमगले की पुढचा गोंधळ बराच टळतो. थंडरबर्डच्या अकाउंट सेटिंग्जमध्ये प्रत्येक खात्याखाली ‘एंड-टू-एंड एन्क्रिप्शन’ हे स्वतंत्र पान आहे. या पत्त्याची स्वतःची किल्ली कोणती, नवे पत्र आपोआप एन्क्रिप्ट व्हावे की नाही, त्यावर डिजिटल सही पडावी की नाही, हे तिथे ठरते. एका खात्यात अनेक ओळखी, म्हणजे आयडेंटिटी, जोडल्या असतील तर प्रत्येकीची ही सेटिंग वेगळी. किल्ल्यांचा जुडगा मात्र सगळ्या प्रोग्रामचा एकच. आंब्याच्या खात्यातून एखाद्या व्यापाऱ्याची सार्वजनिक किल्ली स्वीकारली की ती देवस्थानच्या खात्यालाही चालते. म्हणून ती स्वीकारण्यापूर्वी तिचे फिंगरप्रिंट, म्हणजे तिची ओळख पटवणारी अक्षर-अंकांची ओळ, त्या माणसाला फोन करून ताडून पाहावे. घाईत दिलेला होकार चारही खात्यांना लागू होतो. प्रायमरी पासवर्ड, म्हणजे थंडरबर्डमध्ये साठवलेले पासवर्ड आणि किल्ल्या यांचे रक्षण करणारा मुख्य पासवर्ड, हाही सामायिक असतो. तो ठेवलाच नसेल तर त्या संगणकावर बसणाऱ्या कुणालाही खाजगी किल्ल्या वापरता येतात, आणि कोकणातल्या घरात संगणक एकट्याचा क्वचितच असतो.

खात्यागणिक निवड करताना समोरचा माणूस पाहावा. पाहुण्यांकडे स्वतःच्या किल्ल्या सहसा नसतात, त्यामुळे त्या खात्यात एन्क्रिप्शन आपोआप चालू ठेवले तर प्रत्येक पत्र अडेल. तिथे सही चालू ठेवावी, सार्वजनिक किल्ली पत्रासोबत जाऊ द्यावी, आणि पासपोर्टची साधी आलेली प्रत काम होताच काढून टाकावी. नेहमीच्या निर्यात ग्राहकाशी किल्ल्यांची देवाणघेवाण झाली असेल तर एन्क्रिप्शन कायम चालू ठेवणेच योग्य. बिलातला खाते क्रमांक मध्येच बदलून पैसे वळवण्याची फसवणूक सहीमुळे उघडी पडू शकते, पण ग्राहक ती सही तपासत असेल तरच.

सर्वाधिक धोका ‘फ्रॉम’च्या, म्हणजे पाठवणाऱ्याच्या पत्त्याच्या, रकान्यात असतो. उत्तर देताना प्रोग्राम साधारणपणे ज्या पत्त्यावर पत्र आले तोच घेतो. नवे पत्र किंवा पुढे पाठवलेले पत्र चुकून दुसऱ्या खात्यातून जाऊ शकते. त्या खात्याला किल्ली नसली तर थंडरबर्ड एन्क्रिप्ट करून पाठवत नाही. अशा वेळी माणूस वैतागून एन्क्रिप्शन बंद करतो आणि खाली उद्धृत झालेला, एन्क्रिप्ट होऊन आलेला मजकूर उघडा निघून जातो. जाणाऱ्या पत्रांच्या सर्व्हरची यादीही वेगळी असते. एका खात्याचे पत्र दुसऱ्याच्या सर्व्हरमधून निघत असेल तर ते समोरच्याच्या स्पॅममध्ये पडण्याची शक्यता वाढते. प्रत्येक खात्याच्या पानावर कोणता सर्व्हर नेमला आहे ते जरूर पाहावे. शिवाय पत्ते कधीच झाकले जात नाहीत. विषयाची ओळ थंडरबर्ड ओपनपीजीपीत झाकतो. एसमाइममध्ये ती सहसा उघडीच असते.

जीएसटी किंवा निर्यातीच्या कामासाठी घेतलेले डीएससी टोकन, म्हणजे डिजिटल सहीचे प्रमाणपत्र असलेले यूएसबी उपकरण, अनेकांकडे असते आणि त्यानेच ईमेल झाकता येईल अशी समजूत आढळते. भारतात सहीचे प्रमाणपत्र आणि एन्क्रिप्शनचे प्रमाणपत्र वेगवेगळे दिले जाते. आलेले एन्क्रिप्टेड पत्र सहीच्या टोकनाने उघडेल अशी अपेक्षा ठेवू नये. प्रमाणपत्रावरचा ईमेल पत्ता खात्याच्या पत्त्याशी जुळावा लागतो, तेव्हा एक प्रमाणपत्र चार खात्यांना पुरत नाही. टोकन पिनसकट सीएच्या (चार्टर्ड अकाउंटंटच्या) कचेरीत ठेवण्याची सवय तर मोडलीच पाहिजे, कारण त्याबरोबर आपली सहीही परस्वाधीन होते.

खाजगी किल्लीची प्रत हा या किनाऱ्यावर अतिशय महत्त्वाचा विषय आहे. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले तेव्हा तळमजल्यावरची दुकाने आणि कार्यालये बुडाली. त्याआधी ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या भागांत अनेक गावे कित्येक दिवस विजेविना होती. आयमॅपवरची पत्रे नव्या संगणकावर पुन्हा उतरतात. किल्ली उतरत नाही, आणि तिच्याशिवाय जुनी एन्क्रिप्टेड पत्रे कायमची बंद होतात. प्रत्येक खात्याची किल्ली पासवर्ड घालून फाइलमध्ये काढावी, रद्दीकरणाचे प्रमाणपत्रही, म्हणजे किल्ली हरवली वा चोरीला गेली तर ती बाद जाहीर करणारी फाइल, जोडीला ठेवावे, आणि ती पेनड्राइव्ह गावच्या घराबाहेर, मुंबईच्या नातेवाइकांकडे ठेवावी. पासवर्ड मात्र त्याच पाकिटात नको.

थंडरबर्डमध्ये तयार केलेल्या किल्लीला मुदत घातलेली असते, सामान्यतः तीन वर्षांची. वेगवेगळ्या वर्षी काढलेल्या किल्ल्या वेगवेगळ्या वेळी संपतात. मुदत वाढवता येते, पण वाढवलेली सार्वजनिक किल्ली ग्राहकांना पुन्हा पाठवावी लागते. हंगाम सुरू होण्याआधी, पौष-माघात, हे उरकलेले बरे. मुदत संपलेली जुनी किल्ली पुसू नये, जुनी पत्रे तिनेच उघडतात.

ॲपल मेल पत्त्याशी जुळणारे प्रमाणपत्र कीचेनमधून, म्हणजे ॲपलच्या पासवर्ड-प्रमाणपत्रांच्या साठ्यातून, उचलतो, विंडोजवरचे आउटलुक विंडोजच्या प्रमाणपत्र भांडारातून घेते. अँड्रॉइडवर के-नाइन मेल आणि २०२४ मध्ये आलेला थंडरबर्ड हे ओपनकीचेन या किल्ल्या सांभाळणाऱ्या वेगळ्या ॲपच्या साहाय्याने ओपनपीजीपी वापरतात. तिथेही प्रत्येक खात्याला सेटिंग वेगळी करावी लागते, संगणकावरून ती आपोआप येत नाही.