अंगठीच्या आतला शिक्का

नांगरटीत, विहिरीच्या गाळात किंवा पाडलेल्या वाड्याच्या जोत्यात अंगठी सापडली की आधी आतल्या बाजूचा शिक्का शोधला जातो. तो दिसला नाही की 'खोटी असणार' म्हणून अंगठी डब्यात पडते. महाराष्ट्रात तरी हा तर्क फसवा आहे. आपल्याकडे सोन्यावर सरकारमान्य हॉलमार्क, म्हणजे तपासून मारलेला शुद्धतेचा शिक्का, आला तो 2000 साली. त्याआधीचा व्यवहार सोनाराच्या शब्दावर आणि काळ्या दगडावर चालायचा. त्यामुळे पणजीच्या बोटातली अस्सल वेढणी बहुधा कोरीच असते, आणि ठसठशीत '18 के' छापलेली अंगठी पुष्कळदा गिलिटाची निघते.

काळा दगड म्हणजे कसोटी. सोनं त्यावर घासून उमटलेली रेघ, म्हणजेच कस, माहीत असलेल्या सोन्याच्या रेघेशेजारी ठेवून रंग ताडायचा. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ही रीत सोन्याच्या सोळा वर्णांसह आली आहे. 'बावनकशी' आणि 'हीणकस' हे शब्दही याच दगडावरचे. पण कस लावून सांगितलेली शुद्धता तोंडी राहायची, दागिन्यावर तिची खूण उरत नसे.

खूण उमटवण्याची सक्ती युरोपात झाली. इंग्लंडमध्ये 1300 सालच्या कायद्याने बिबट्याचं तोंड आलं. 1478 पासून लंडनच्या सोनारांना माल तपासणीसाठी गोल्डस्मिथ्स हॉलमध्ये आणावा लागू लागला. हॉलमध्ये मारलेला मार्क तो हॉलमार्क. त्याच सुमारास तपासणीचं वर्ष सांगणारं अक्षरही सुरू झालं. ब्रिटिश अंगठी म्हणून तर आनंदाने वाचावी: कारागिराची आद्याक्षरं, शुद्धता, गाव आणि वर्ष एका ओळीत असतात. नांगर म्हणजे बर्मिंगहॅम, 1773 पासून. मुकुट मात्र घोटाळ्यात टाकतो. मुकुटाशेजारी 18 असेल तर ते अठरा कॅरेट सोनं (ही खूण 1798 ची), पण मुकुटाशेजारी चालता सिंह असेल आणि धातू पांढरा असेल तर ती शेफील्डची चांदी. 1975 पासून शेफील्डने मुकुट सोडून गुलाब घेतला.

काळ ठरवायला सगळ्यात उपयोगी आकडा 15. पंधरा कॅरेट ही प्रत इंग्लंडमध्ये 1854 ला सुरू झाली आणि 1932 ला बंद होऊन तिच्या जागी 14 कॅरेट आलं. म्हणजे '15' आणि '.625' दिसलं की अंगठी या 78 वर्षांतली. वर्षाचं अक्षर झिजलेलं असलं तरी एवढं सांगता येतं. अक्षरावरून नेमकं वर्ष काढताना आधी गाव ठरवावं लागतं, कारण तेच अक्षर लंडनला एका वर्षी आणि बर्मिंगहॅमला दुसऱ्याच वर्षी वापरलेलं असतं. अक्षराचं वळण आणि भोवतीच्या चौकटीचा आकारही जुळला पाहिजे. नुसतं अक्षर पाहून वर्ष सांगणाऱ्याचं वर्ष हमखास चुकतं.

फ्रान्समध्ये 1838 पासून अठरा कॅरेटवर गरुडाचं डोकं येतं, इतकं बारीक की साध्या डोळ्याला तो ओरखडा वाटावा. '800' हा आकडा मात्र दोन गोष्टी सांगतो: पिवळ्या धातूवर असेल तर पोर्तुगालचं 19.2 कॅरेट सोनं (गोव्यातल्या जुन्या घरांत ही शक्यता धरावी), पांढऱ्यावर असेल तर युरोपातली चांदी. जर्मनीत 1888 पासून अशा चांदीशेजारी चंद्रकोर आणि मुकुट असतो.

आपल्याकडे इंग्रजी अमदानीत कलकत्त्याची हॅमिल्टन, मद्रासची पी. ऑर अशा पेढ्या स्वतःच्या खुणा मारत. त्या पेढीच्या खुणा होत्या, त्यांच्यामागे सरकारी तपासणी नव्हती. स्वातंत्र्यानंतर जानेवारी 1963 मध्ये सुवर्ण नियंत्रण आलं आणि नव्या दागिन्यांना चौदा कॅरेटची मर्यादा पडली. हजारो सोनारांचा धंदा बसला. पुढे 1966 मध्ये ही मर्यादा उठली आणि 1968 चा सुवर्ण नियंत्रण कायदा 1990 मध्ये रद्द झाला. म्हणून साठच्या दशकातली अंगठी चौदा कॅरेटची निघाली तर सोनाराने फसवलं असं लगेच म्हणू नये.

'केडीएम' या अक्षरांबद्दल गैरसमज फार. ती शुद्धतेची खूण नाही, झाळाची, म्हणजे सांधे जोडायच्या धातूची आहे. पूर्वीच्या झाळात तांबं-चांदी जास्त, त्यामुळे दागिना आटवला की टंच, म्हणजे सोन्याची शुद्धता, उतरायचा. त्यावर तोड म्हणून 92 भाग सोनं आणि 8 भाग कॅडमियम असं झाळ आलं. कॅडमियम 767 अंश सेल्सिअसला उकळून उडून जातं, म्हणून टंच टिकायचा. पण तो विषारी धूर कारागिराच्या छातीत जायचा, आणि म्हणूनच ते मागे पडलं.

2000 नंतरच्या अंगठीवर भारतीय मानक ब्युरोचा (बीआयएस) त्रिकोण, 916 किंवा 750 सारखा आकडा, तपासणी केंद्र आणि सराफाची खूण, शिवाय वर्षाचं इंग्रजी अक्षर असे: ए म्हणजे 2000, जे म्हणजे 2008. हे अक्षर 2017 पासून गेलं. जुलै 2021 पासून त्रिकोण, शुद्धता आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, एवढंच उरलं. हा क्रमांक 'बीआयएस केअर' ॲपवर टाकून पडताळता येतो.

'जीएफ' (गोल्ड फिल्ड), 'आरजीपी' (रोल्ड गोल्ड प्लेट) ही इंग्रजी अक्षरं दिसली तर वरचा आकडा कितीही मोठा असो, आत हलका धातू आहे. '1/20 12के जीएफ' म्हणजे वजनाच्या विसाव्या हिश्शाएवढा बारा कॅरेटचा पत्रा. आपल्या घरांत याला रोल्ड गोल्ड म्हणतात. 'ईपीएनएस' म्हणजे चांदीचा मुलामा दिलेली निकेल सिल्व्हर, आपलं जर्मन सिल्व्हर. त्या मिश्रधातूत तांबं, निकेल, जस्त असतं. चांदी असते ती फक्त वरच्या मुलाम्यात.

शिक्का वाचण्याआधी अंगठी कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा थेंब टाकून दहा मिनिटं ठेवावी आणि मऊ ब्रशने घासावी. पॉलिश, राख, चिंच अजिबात नको, शिक्क्याच्या कडा झिजतात. मग दहा पट भिंग घेऊन उजेड तिरका पाडावा. माप बदलताना कडं कापून झाळलेलं असेल तर शिक्का अर्धाच मिळतो. कडांवर आणि आतल्या बाजूला पिवळ्याखालून तांबूस किंवा करडा रंग डोकावत असेल तर तो मुलामा.

कोऱ्या अंगठीला घनता बोलतं करते. काटा 0.01 ग्रॅम दाखवणारा हवा, स्वयंपाकघरातला चालणार नाही. समजा अंगठी 5.34 ग्रॅमची आहे. पाण्याचा पेला काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणायचा, अंगठी दोऱ्याने पूर्ण बुडवायची, तळाला-काठाला लागू द्यायची नाही. काटा 0.30 दाखवतो. 5.34 भागिले 0.30 म्हणजे 17.8, हे बावीस कॅरेटशी जुळतं. चौदा कॅरेट 13 च्या आसपास येतं, चांदी 10.4, पितळ 8.5. हीच अंगठी पितळेची असती तर काट्याने 0.63 दाखवलं असतं. मात्र 0.30 मध्ये एका शतांशाची चूक झाली तरी उत्तर 17.2 ते 18.4 मध्ये फिरतं, म्हणून तीनदा मोजावं. बुडबुडा चिकटला, खडा असला किंवा पोकळ अंगठीत लाख भरलेली असली तर आकडा खाली येतो.

चुंबकावर विसंबू नये. तो लोखंड पकडतो. पितळ आणि तांबं सोन्यासारखीच निर्विकार राहतात. तेजाब घरी वापरू नये. जाड मुलामा कसोटीलाही फसवतो आणि सराफाकडच्या एक्स-रे यंत्रालाही, कारण दोघांना वरचाच थर दिसतो. म्हणूनच जाणकार सोनार आतल्या बाजूला कानशीने बारीक खाच पाडून तिथला कस घेतो.

अंगठी जमिनीत पुरलेली मिळाली असेल तर 1878 चा भारतीय निखात निधी कायदा लागू होतो. दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू असल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं: काय मिळालं, अंदाजे किंमत, जागा आणि तारीख. ही दहा रुपयांची मर्यादा 1878 ची आहे.