काचेवरचा आंबा

दोन वर्षांच्या मुलाला एका खोलीत बसवायचं. शेजारच्या खोलीत एक बाई खेळणं लपवते, कधी उशीखाली, कधी खुर्चीमागे. मूल हे सगळं टीव्हीच्या पडद्यावर पाहतं. मग त्याला त्या खोलीत सोडायचं आणि म्हणायचं, ‘जा, शोध बघू.’ जॉर्जीन ट्रोसेथ आणि ज्यूडी डिलोच या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग एवढाच होता. अडीच वर्षांच्या मुलांना खेळणं बहुतेक वेळा सापडलं. दोन वर्षांच्या मुलांना मात्र निम्म्याहून कमी वेळा सापडलं. गंमत अशी, की हेच लपवणं याच वयाच्या मुलांना पडद्याऐवजी खिडकीतून पाहू दिलं, तेव्हा ती जवळपास न चुकता खेळण्यापर्यंत पोचली.

म्हणजे मुलांचं लक्ष होतं, आठवणही शाबूत होती. पडद्यावर दिसली ती खोली आणि आता आपण उभे आहोत ती खोली एकच, हे काही त्यांना उमगलं नव्हतं. लहानग्याला घरी टॅबवर काही शिकवू पाहणाऱ्या आईबाबांनी आणि आजीआजोबांनी हा प्रयोग ध्यानात ठेवावा, असं मला मनापासून वाटतं. अ‍ॅप चांगलं की वाईट, किती वेळ द्यावं, कुठल्या वयात द्यावं, या सगळ्या प्रश्नांची मुळं इथे आहेत.

चित्र हे चित्र आहे, हे मोठ्यांना शिकवावं लागत नाही, असं आपण धरून चालतो. पण तेही बाळाला शिकावंच लागतं. डिलोच यांनीच नऊ महिन्यांच्या बाळांना वस्तूंचे हुबेहूब फोटो दाखवले, तेव्हा बाळं फोटोतली वस्तू चिमटीत धरून उचलायला बघत होती. दीडेक वर्षाचं होईपर्यंत हे थांबतं आणि मूल फोटोकडे बोट दाखवू लागतं. तरीही काचेवरचा आंबा हा एकाच वेळी चमकणारी काचही आहे आणि खऱ्या आंब्याची खूणही आहे, ही दुहेरी समज यायला आणखी बराच काळ जातो. तोवर मुलाला काचेवरचा आंबा म्हणजे काचेवरचाच आंबा. त्याच्यावर बोट टेकवलं की आवाज येतो, एवढं त्याला पक्कं ठाऊक असतं. टोपलीतल्या पिवळ्या, वासाच्या, हाताला चिकटणाऱ्या फळाशी त्याचं काही नातं आहे, हे त्याला कुणीतरी दाखवून द्यावं लागतं.

टीव्हीच्या काळात या अडचणीला संशोधकांनी ‘व्हिडिओ डेफिसिट’ असं नाव दिलं. तीन वर्षांखालची मुलं समोरच्या माणसाकडून जे सहज शिकतात, तेच पडद्यावरून शिकताना मागे पडतात. मग २०१० मध्ये आयपॅड आला आणि आशा वाढली. टीव्ही मुलाच्या हाकेला ओ देत नाही, टॅब देतो. बोट लावलं की काहीतरी घडतं. आपण काही केलं आणि त्याला उत्तर मिळालं, हा तर बाळाच्या शिकण्याचा पायाच. मग टॅबवर ही अडचण उरायला नको होती.

रेचल बार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे पंधरा महिन्यांच्या बाळांवर पाहिलं. बटण दाबलं की आवाज करणारं एक खरं खेळणं होतं आणि त्याचंच चित्र टच स्क्रीनवर होतं. खऱ्या खेळण्यावर बटण दाबायला शिकलेलं बाळ खऱ्या खेळण्यावर ते करून दाखवायचं. स्क्रीनवर शिकलेलं स्क्रीनवर करायचं. पण स्क्रीनवर शिकलेलं खेळण्यावर करायची वेळ आली की गाडी अडायची, आणि उलट दिशेनेही तसंच. माझ्या मते घरच्या पालकांसाठी या सगळ्या संशोधनातली ही सर्वांत उपयोगाची गोष्ट आहे. शिकणं होतं, पण ते जिथे झालं तिथेच राहतं. अ‍ॅपमधलं कोडं पटापट सोडवणारं मूल लाकडी कोड्यापुढे गोंधळलं, तर त्यात त्याचा दोष नाही आणि आश्चर्यही नाही.

याच गटाने २०१७ साली अडीच आणि तीन वर्षांच्या मुलांना टच स्क्रीनवर तुकडे सरकवून चित्र जुळवण्याचं कोडं दिलं. काही मुलांना एका माणसाने स्वतःच्या बोटाने तुकडे सरकवून दाखवले. काहींना तेच तुकडे आपोआप सरकताना दिसले, जसे बहुतेक अ‍ॅपमध्ये ‘असं करा’ म्हणून दाखवताना सरकतात. माणसाचा हात पाहिलेली मुलं शिकली. आपोआप सरकणाऱ्या तुकड्यांवरून ती शिकली नाहीत. अ‍ॅप बनवणारे त्या हलत्या चित्रांवर भरपूर मेहनत घेतात, पण या वयाच्या मुलाला शेजारी बसलेल्या बाबांचं एक बोट अधिक शिकवून जातं.

नुसतं बोट लावणंही पुरेसं नाही. हेदर किर्कोरियन यांनी दोन ते तीन वर्षांच्या ११६ मुलांना पडद्यावरच्या बाईकडून एक नवा शब्द शिकवला. एका गटाने नुसतं पाहिलं. दुसऱ्याला सांगितलं, स्क्रीनवर कुठेही बोट लाव. तिसऱ्याला, ज्या वस्तूचं नाव घेतलं जातंय तिथेच बोट लाव. सर्वांत लहान मुलं या तिसऱ्या प्रकारातच शब्द शिकली. थोड्या मोठ्या मुलांचं उलट झालं. ती नुसतं पाहून शिकत होती, आणि नेमक्या जागी बोट लावायच्या नादात त्यांचं शिकणं बिघडलं. सहा-आठ महिन्यांच्या फरकाने एकच गोष्ट मदतीऐवजी अडथळा ठरते. ‘वय २ ते ५’ असा शिक्का मारलेल्या अ‍ॅपकडे म्हणूनच सावधपणे पाहायला हवं. दोन वर्षांचं आणि पाच वर्षांचं मूल या अर्थाने फार वेगळी माणसं आहेत.

आता मोठ्यांकडे वळू, कारण टॅब मुलापेक्षा मोठ्यांना जास्त बदलतो. अमेरिकेत मिशिगनमध्ये टिफनी मुन्झर आणि जेनी रडेस्की यांच्या गटाने ३७ पालकांना आपापल्या लहानग्याबरोबर कागदी पुस्तक आणि टॅबवरचं पुस्तक असं दोन्ही वाचायला दिलं. हा अभ्यास २०१९ चा. टॅब हातात असताना आईबाबा आणि मूल एकमेकांशी कमी बोलले. कागदी पुस्तकाशी बसलं की आई आपसूक विचारते, ‘भू भू कुठेय? काल आपण असाच बघितला ना?’ टॅबवर तिचीच वाक्यं ‘असं नको दाबू’, ‘थांब, इकडे कर’ या वळणावर जातात. कुत्र्याची गोष्ट मागे राहते आणि टॅब कसा वापरायचा हीच गोष्ट होऊन बसते. मुलाची भाषा वाढते ती अशा बोलण्याच्या देवाणघेवाणीतून. तीच आटली, तर अ‍ॅपमध्ये कितीही शब्द भरलेले असोत, हिशेब तोट्याचाच.

मोठ्यांचा अंदाज कसा चुकतो, हेही डिलोच यांनीच २०१० मध्ये दाखवलं. बारा ते अठरा महिन्यांच्या बाळांना शब्द शिकवणारी एक लोकप्रिय डीव्हीडी काही घरांत चार आठवडे नेमाने लावायला सांगितली. ती पाहणारी बाळं न पाहणाऱ्यांपेक्षा जास्त शब्द शिकली नाहीत. काही घरांत डीव्हीडी न देता तेच शब्द रोजच्या व्यवहारात शिकवा एवढंच पालकांना सांगितलं होतं. सर्वांत जास्त शब्द तिथली बाळं शिकली. आणि ज्या पालकांना ती डीव्हीडी खूप आवडली होती, त्यांनाच आपलं बाळ तिच्यामुळे खूप शिकलं असं वाटत होतं. हे प्रेमापोटीच होतं, म्हणून त्यापासून सुटका कठीण. मूल टॅबवर आंबा दाबून ‘आंबा’ म्हणतं तेव्हा टाळ्या वाजवाव्यात, पण खरी तपासणी टॅब बंद केल्यावर, मंडईत किंवा स्वयंपाकघरात करावी.

अ‍ॅपच्या बाजाराची स्थिती फारशी बरी नाही. कॅथी हर्श-पासेक, रॉबर्टा गोलिनकॉफ आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये शैक्षणिक अ‍ॅप पारखायच्या चार कसोट्या मांडल्या. मुलाचं डोकं चालतं का, त्याचं लक्ष टिकतं का की भोवतालची चमचम ते उडवून लावते, शिकलेलं त्याच्या जगाशी जोडलेलं आहे का, आणि दुसऱ्या माणसाशी बोलणं-खेळणं त्यातून होतं का. या कसोट्यांवर पुढे १२४ लोकप्रिय अ‍ॅप तपासली गेली, तेव्हा निम्म्याहून अधिक अ‍ॅप खालच्या दर्जाची ठरली. पाच वर्षांखालच्या मुलांच्या १३५ अ‍ॅपच्या आणखी एका पाहणीत ९५ टक्के अ‍ॅपमध्ये कुठल्या ना कुठल्या रूपात जाहिरात सापडली. दोन वर्षांच्या मुलाला जाहिरात आणि खेळ यांतला फरक कळत नाही. त्याच्यासमोर जाहिरात ठेवणं मला सरळसरळ अन्यायाचं वाटतं.

म्हणून अ‍ॅप निवडताना पडद्यावर एका वेळी दोन-तीनच गोष्टी असलेलं, मुलाने काही करेपर्यंत शांत थांबणारं, आणि एक खेळ संपला की आपोआप पुढचा सुरू न करणारं घ्यावं. आधी स्वतः शेवटपर्यंत खेळून पाहावं. नेटशिवाय चालणारं असेल तर एअरप्लेन मोड लावून टाकावा, बऱ्याच जाहिराती तिथेच गळतात. आयपॅडवर गायडेड अ‍ॅक्सेस आणि अँड्रॉइडवर अ‍ॅप पिनिंग लावलं की मूल त्या अ‍ॅपमधून बाहेर भटकत नाही. एकच अ‍ॅप महिनाभर पुरतं. या वयाला तेच ते पुन्हा करणं आवडतंच, आणि उपयोगाचंही असतं.

मराठी घरांची एक वेगळी अडचण आहे. बहुतेक अ‍ॅप इंग्रजीत किंवा हिंदीत बोलतात, आणि त्यातल्या गोष्टी, बर्फातली घरं असोत की ब्लूबेरी असोत, मुलाने कधी पाहिलेल्या नसतात. मुलाच्या जगाशी जोडण्याची तिसरी कसोटी तिथेच कोसळते. यावर फार सोपा उपाय आहे. घरातल्याच पंचवीस-तीस वस्तूंचे आणि माणसांचे फोटो काढायचे: पोळपाट, लाटणं, मुलाची वाटी, दारातली तुळस, खालच्या मजल्यावरची मनी, आजोबांची काठी. त्यांचा टॅबवर एक अल्बम करायचा. मग मूल बोट लावेल त्याचं नाव आपणच घ्यायचं आणि लगेच उठून ती वस्तू त्याच्या हातात द्यायची. काचेवरचं लाटणं आणि हातातलं लाटणं यांचा सांधा असा जुळतो. अक्षरओळख दोन वर्षांच्या मुलाला नको. त्याला नावं हवीत, क्रियापदं हवीत, आत-बाहेर, वर-खाली हवं, आणि त्याच्या अर्ध्यामुर्ध्या शब्दाला कुणाचं तरी उत्तर हवं.

वेळेबद्दल थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं, की दोन वर्षांखाली बसून स्क्रीन पाहणं टाळावं, आणि दोन ते चार वर्षांत दिवसाला एक तासाच्या वर जाऊ नये, कमी असेल तितकं बरं. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्लाही याच्या जवळचा आहे. दोन वर्षांखाली तिने एक मोकळीक ठेवली आहे, नातेवाइकांशी अधूनमधून व्हिडिओ कॉलची. झोपेचा मुद्दा वेगळा सांगायला हवा. लंडनच्या बर्कबेक विद्यापीठातल्या संशोधकांनी सहा महिने ते तीन वर्षांच्या ७१५ मुलांच्या पालकांना विचारलं, तेव्हा टच स्क्रीनच्या रोजच्या दर तासामागे झोप सुमारे पंधरा मिनिटांनी कमी आढळली. टॅबमुळेच झोप कमी झाली असं यावरून सिद्ध होत नाही, कमी झोपणाऱ्या मुलांच्या हातात टॅब जास्त जात असेल. तरी रात्री टॅब झोपायच्या खोलीबाहेर ठेवायला काही खर्च नाही. याच प्रकल्पात स्क्रीन लवकर सरकवू लागलेली मुलं ठोकळे रचणंही थोडी लवकर शिकलेली दिसली. म्हणजे चित्र सगळंच काळं नाही.

जेवताना टॅब पुढे ठेवण्याला मात्र माझा ठाम विरोध आहे. ताटातली चव, आईचा चेहरा, ‘अजून हवं?’ ‘नको’ ही बोलणी, पोट भरल्याची स्वतःची जाणीव, हे शिकायच्या जागा त्या वीस मिनिटांत असतात.

व्हिडिओ कॉलला संशोधनाचाही भक्कम आधार आहे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दोन ते अडीच वर्षांच्या मुलांना नवी क्रियापदं तीन तऱ्हांनी शिकवली: समोर बसून, स्काइपवरून, आणि आधी रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओतून. समोर बसून आणि स्काइपवरून मुलं शिकली, रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओतून नाही. काच तीच होती, पण पलीकडचं माणूस मुलाकडे बघून उत्तर देत होतं. साताऱ्यातली आजी आणि न्यू जर्सीतला नातू यांच्यासाठी ही फार मोठी बातमी आहे. आजीने तिकडून बडबडगीत म्हणून दाखवावंच, पण मधे थांबून पुढचा शब्द नातवाला भरू द्यावा. त्याने कॅमेऱ्यापुढे चमचा नाचवला तर चमच्याविषयी बोलावं. स्क्रीनपलीकडच्या माणसाची नजर नेमकी कुठे आहे हे लहानग्याला कळायला कठीण जातं, म्हणून इकडे बसलेल्या आईने किंवा बाबांनी ती वस्तू त्याच्यासमोर धरून मदत करावी. आणि प्रश्न विचारल्यावर आजीने घाई करू नये. दोन वर्षांच्या मुलाला शब्द शोधायला, तोंडात जुळवायला आपल्याहून बराच जास्त वेळ लागतो, आणि तेवढा वेळ थांबणं रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओला जमत नाही.