होनोलुलू ते ग्वाम: अंतर एक, वेळा दोन

1 जानेवारीला सकाळी साडेसातला ग्वामहून निघालेलं विमान सव्वासात तासांनी होनोलुलूला उतरतं, तेव्हा तिथे 31 डिसेंबरची संध्याकाळ असते आणि पावणेसात वाजलेले असतात. नवं वर्ष पुन्हा साजरं करायची आयती सोय! हवाई बेटांवरचं होनोलुलू शहर आणि त्याच्या पश्चिमेला पॅसिफिक महासागरातलं ग्वाम बेट, दोन्ही अमेरिकेचीच, पण मधून आंतरराष्ट्रीय वाररेषा जाते आणि ग्वामचं घड्याळ होनोलुलूच्या 20 तास पुढे असतं. साडेसातात सव्वासात तास मिळवा, 20 वजा करा, हिशेब जुळतो.

घड्याळाचा हा खेळ बाजूला ठेवला, तरी एक फरक उरतोच. होनोलुलूहून ग्वामला जायला साधारण अर्धा-पाऊण तास जास्त लागतो. अंतर दोन्हीकडून तेच, सुमारे 6,100 किमी. मग हा वेळ जातो कुठे?

वाऱ्यात. विमान ज्या हवेतून उडतं, ती हवाच वाहत असते. या भागात समुद्रालगत व्यापारी वारे पूर्वेकडून येतात, पण विमानं उडतात त्या 10-11 किमी उंचीवर, विशेषतः हिवाळ्यात, वारा बहुधा पश्चिमेकडून असतो. ग्वामला जाताना तो तोंडावर येतो, परतताना पाठीशी.

जाताना गमावलं ते येताना मिळतं, म्हणजे फिटंफाट, असं कुणालाही वाटेल. तसं होत नाही. हिशेबाच्या सोयीसाठी समजा विमानाचा वेग ताशी 900 किमी आणि वारा ताशी 100 किमी. जाताना जमिनीच्या हिशेबाने वेग उरतो 800, म्हणजे 7 तास 37 मिनिटं. येताना 1,000, म्हणजे 6 तास 6 मिनिटं. बेरीज 13 तास 43 मिनिटं. वारा नसता तर 13 तास 33 मिनिटांत काम झालं असतं. वारा उलटा असताना विमान त्याच्या तावडीत जास्त वेळ राहतं, म्हणून ही दहा मिनिटं कधीच वसूल होत नाहीत.

पृथ्वी गोल असल्याने सर्वांत जवळची वाट सपाट नकाशावर वाकडी दिसते. इथे ती नकाशावरच्या सरळ रेषेपासून मध्यावर जवळजवळ अडीचशे किमी उत्तरेला सरकते, आणि एवढं करून वाचतात जेमतेम 30 किमी! दोन्ही ठिकाणं उष्ण कटिबंधातली, म्हणून बचत किरकोळ. त्यापेक्षा त्या दिवशीचा वारा पाहून मार्ग थोडा हलवणं जास्त फायद्याचं ठरू शकतं.

मार्ग हलवायलाही मर्यादा आहेत. दोन इंजिनांच्या विमानाला एक इंजिन बंद पडलं, तर ठरलेल्या मिनिटांत गाठता येईल असा विमानतळ लागतो. इथे वाटेतल्या वेक बेटावरची सुमारे 3 किमीची धावपट्टी उपयोगी पडते. 1935 मध्ये पॅन अमेरिकन या विमान कंपनीचं टपाल नेणारं ‘चायना क्लिपर’ हे जलविमान मात्र मिडवे आणि वेक या बेटांवर थांबत थांबतच ग्वामला पोचलं होतं. एका दमात एवढा पल्ला गाठण्याची त्याची ताकदच नव्हती.

थांबत जाणारं विमान आजही आहे. युनायटेड या अमेरिकी विमान कंपनीचं ‘आयलंड हॉपर’ होनोलुलूहून निघून माजुरो, क्वाजालेन, पोनपेई, चुउक अशी बेटं घेत ग्वामला पोचतं. थेट विमानाच्या जवळपास दुप्पट वेळ. वाटेत बिघाड झाला तर दुरुस्तीला माणूस कुठून आणायचा? म्हणून मेकॅनिक विमानातच बसलेला असतो.