कार्यस्थळी विश्वासाची जाणीव

वरिष्ठ आपल्यावर भिस्त ठेवतात, असे कर्मचाऱ्याला स्वतःला वाटणे. संघटन-मानसशास्त्रात ही जाणीव प्रत्यक्ष विश्वासाहून वेगळी धरतात. साहेबाचा पुरता विश्वास असतो आणि हाताखालच्या माणसाला त्याचा पत्ताही नसतो, असे सर्रास घडते. तोंडी कौतुकाने ही जाणीव फारशी येत नाही. जोखमीचे काम सोपवणे आणि नाजूक माहिती मोकळेपणाने सांगणे, या दोन गोष्टींतून ती येते. सहीचा अधिकार देऊन प्रत्येक मसुदा आधी तपासायला मागवला, तर तो अधिकार कागदावरच राहतो.

पुढाकार घेणे म्हणजे चुकण्याची तयारी ठेवणे. चूक झाली तर हेतूवर शंका घेतली जाणार नाही, अशी खात्री असणारा माणूस न सांगता काम अंगावर घेतो, त्रुटी लपवण्याऐवजी दाखवून देतो. समाजशास्त्रज्ञ पीटर ब्लाऊ यांच्या सामाजिक देवाणघेवाणीच्या सिद्धांतानुसार (१९६४) अशा वागण्यात मिळालेल्या विश्वासाच्या परतफेडीची भावना असते. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी व रिचर्ड रायन स्वायत्तता, सक्षमता आणि आपलेपणा या मानसिक गरजांवर भर देतात. विश्वासाने या तिन्ही भागतात.

नियंत्रणाचा उलटा परिणाम आर्मिन फाल्क व मिखाएल कोसफेल्ड यांच्या प्रयोगात (२००६) स्पष्ट दिसतो. त्यात जोडीतल्या एकाने (प्रतिनिधीने) आपल्या गुणांपैकी किती गुण दुसऱ्यासाठी सोडायचे, हे तोच ठरवी. मात्र किमान इतके गुण सोडलेच पाहिजेत, अशी मर्यादा घालण्याची मुभा त्या दुसऱ्याला होती. मर्यादा घातल्यावर बहुतेक प्रतिनिधींनी हात आखडता घेतला. लॉइड स्ट्रिकलंड यांचा १९५८चा प्रयोग पर्यवेक्षकाविषयी आहे आणि तो अधिक बोचरा आहे. दोन कामगारांचे उत्पादन सारखेच असूनही ज्याच्यावर जास्त पाळत ठेवली, त्याच्यावरच पर्यवेक्षकाचा विश्वास कमी बसला. पाळतीमुळे त्या माणसाची सचोटी दिसायला वावच उरला नव्हता. दूरस्थ कामात संगणकाच्या पडद्यावर नजर ठेवणाऱ्या व्यवस्थापकांनाही हे लागू पडावे.

विश्वासाचे ओझेही होते. मायकेल बेअर व सहकाऱ्यांनी लंडनच्या बसचालकांचा अभ्यास केला (२०१५). विश्वासाच्या जाणिवेने चालकांचा अभिमान वाढला. पण कामाचा भार आणि नाव टिकवण्याची धास्तीही वाढली, आणि त्यातून भावनिक थकवा आला. भरवशाच्या माणसाकडेच प्रत्येक अवघड काम ढकलण्याची कार्यालयीन सवय या थकव्यात भरच घालते.