काळाराम मंदिर सत्याग्रह, नाशिक

काळाराम मंदिर सत्याग्रह : नाशिकच्या पंचवटीतील काळाराम मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाला खुले व्हावे, म्हणून २ मार्च १९३० रोजी सुरू झालेला आणि १९३५ पर्यंत टप्प्याटप्प्याने चाललेला लढा. नेतृत्व डॉ. भीमराव आंबेडकर यांचे, तर स्थानिक बांधणी प्रामुख्याने भाऊराव ऊर्फ दादासाहेब गायकवाड यांची. मंदिराचे दार या लढ्याने उघडले नाही. तरीही महाराष्ट्रातील दलितांची राजकीय जाण आणि सांस्कृतिक ओळख घडवणारा असा दुसरा लढा क्वचितच सापडेल.

त्या काळी राज्यव्यवस्था बदलत होती. १९१९ च्या सुधारणांनी प्रांतिक विधिमंडळांना थोडे अधिकार आणि मूठभरांना मतदानाचा हक्क मिळाला होता. सार्वजनिक पाणवठे, शाळा, धर्मशाळा सर्वांना खुल्या करण्याचा बोले ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये संमत केला, पण गावोगावी तो कागदावरच राहिला. त्याच्या अंमलबजावणीसाठी १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह झाला. पुढे पुण्यात पर्वतीच्या मंदिराचा झाला आणि मग नाशिकचा. सत्याग्रह सुरू झाल्यावर दहाच दिवसांनी, १२ मार्चला, साबरमतीहून दांडीयात्रा निघाली. देश परक्या सरकारकडे हक्क मागत असताना पंचवटीत माणसे आपल्याच लोकांकडे हक्क मागत होती, हे विसरून त्या वर्षाचा इतिहास लिहिता येत नाही.

पहिल्या दिवशी निघालेली मिरवणूक मैलभर लांब होती. पुढे बँड, त्यामागे स्काऊट, मग शेकडो स्त्रिया आणि त्यांच्या मागे हजारो पुरुष. मंदिराची दारे बंद दिसताच मिरवणूक गोदावरीच्या घाटाकडे वळली आणि तिथे सभा झाली. मंदिरप्रवेशाने सगळे प्रश्न सुटणार नाहीत, आपले प्रश्न राजकीय, सामाजिक, धार्मिक, आर्थिक असे सर्व बाजूंचे आहेत, हे आंबेडकरांनी त्याच दिवशी बजावून सांगितले. दुसऱ्या दिवशी १२५ पुरुष आणि २५ स्त्रियांची पहिली तुकडी चारही दरवाजांसमोर बसली. पोलीस अधीक्षकाने आपली कचेरीच मंदिरासमोरच्या तंबूत हलवली होती.

९ एप्रिलला रामरथाची मिरवणूक होती. रथ दोन्ही बाजूंच्या लोकांनी मिळून ओढायचा, असा समझोता झाला होता. प्रत्यक्षात सत्याग्रहींचा हात दोराला लागण्याआधीच रथ पळवण्यात आला. दगडफेक सुरू झाली. भास्कर कद्रेकर नावाचा तरुण पोलिसांचे कडे तोडून रथाकडे धावला आणि रक्तबंबाळ झाला. खुद्द आंबेडकरांनाही मार लागला.

सत्याग्रहामागचा हेतू ३ मार्च १९३४ च्या पत्रात सर्वांत स्पष्ट दिसतो. अस्पृश्यांनी मूर्तिपूजक व्हावे किंवा देवळात गेल्याने ते बरोबरीचे ठरतील, यासाठी आपण हा लढा उभारला नव्हता, असे आंबेडकरांनी गायकवाडांना कळवले. समाजात चेतना यावी आणि त्याला आपल्या स्थितीची जाणीव व्हावी, हा उद्देश होता. तो साध्य झाल्याने आता शक्ती शिक्षणावर आणि राजकारणावर लावावी, असा त्यांचा सल्ला होता. दोन वर्षांपूर्वीच्या पुणे कराराने अस्पृश्यांना प्रांतिक विधिमंडळांत १४८ राखीव जागा मिळाल्या होत्या, हे लक्षात घेतले की या सल्ल्याचे मर्म कळते.

ओळखीचा प्रश्न मात्र राजकारणाने मिटणारा नव्हता. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी नाशिक जिल्ह्यातीलच येवल्यात, आपण हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा आंबेडकरांनी केली. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेची वाट तिथून निघाली. एका परंपरेत जागा मागणाऱ्या समाजाने स्वतःची परंपरा निवडली, आणि या निवडीची पहिली पायरी नाशिकचे बंद दार होते, असे म्हणणे सयुक्तिक ठरते. हा विचार वाड्यावस्त्यांवर नेला तो गाणी आणि नाट्यांतून प्रबोधन करणाऱ्या आंबेडकरी जलशांनी; शाहीर भीमराव कर्डक आणि सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे वामनदादा कर्डक ही दोन्ही नावे याच जिल्ह्याची.

गायकवाड १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात आणि १९५७ मध्ये नाशिकमधून लोकसभेत निवडून गेले. देवळांचा प्रश्न १९४७ च्या मुंबई प्रांताच्या मंदिरप्रवेश कायद्याने आणि पुढे राज्यघटनेच्या १७ व्या व २५ व्या अनुच्छेदांनी कायद्यापुरता निकाली निघाला. जमिनीचा निघाला नाही. १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये गायकवाडांनी भूमिहीनांचे सत्याग्रह उभारले, आणि पडीक जमीन कसणाऱ्याला मिळावी म्हणून माणसे पुन्हा तुरुंगात गेली.